पाच निळी बोटं

शुक्रवार, ३ मे

निघत नाही! काहीही केलं तरी निघत नाही.

रॉकेल झालं. लिंबू झालं. टूथपेस्ट झाली. आईनं लोणी चोळून पाहिलं. फरशीच्या ब्रशनं हात घासले तर कातडी सोलली, पण रंग तिथंच. हे पान धरलंय त्यावरसुद्धा अंगठा उमटलाय — निळा!

उद्या माझ्या लेकीचं, क्लॉडियाचं लग्न.

आठवडाभर मी त्या रंगाला शिवले नव्हते. मुद्दाम. साखर कारखाना बंद आहे, रोलरची बेअरिंगं बसवायची चाललीत, आणि बेअरिंग कुठे टेकतंय ते बघायला प्रशियन ब्लू रंग लागतोच. इवलीशी ट्यूब, पण एक ठिपका सुटला की अख्खं खातं निळं होतं. म्हणून ते काम दुसऱ्यांवर ढकललं. नुसतं ग्रीस हातांवर घेतलं. ग्रीस निघतं.

शिटी झाली. हात धुवायला गेले. माझा पेस्टचा डबा वेगळा असतो — कारखान्याच्या पेस्टनं माझी कातडी फुटते, म्हणून माझ्या नावाचा, माझ्या पैशांचा. झाकण काढलं, दोन्ही हात घातले, कोपरापर्यंत चोळलं. लक्ष सगळं घरी — केक आला असेल का, आईनं झग्याला इस्त्री केली असेल का.

खाली बघितलं तर दोन्ही हात निळे.

वरून पांढरी पेस्ट, आत निळा रंग. कुणीतरी भरला, वरून बोटानं सारखं केलं, झाकण लावलं. चुकून नाही. माझं नाव लिहिलंय त्या डब्यावर!

मागे हसले. सगळेच. कोण आधी हसलं ते कळलं नाही. कळेल.

आई साखर आणि तेल घेऊन आलीय. बस म्हणते, आता मी चोळते.


शनिवार, ४ मे

आज नाही लिहिणार.


रविवार, ५ मे

सगळं लिहून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही.

काल सकाळी हात बरे होते. खरंच बरे होते! तेल-साखरेनं काम केलं होतं. नखांच्या कडा सोडल्या तर गुलाबी. आई म्हणाली, "बघ, राणीचे हात." क्लॉडियानं नीट उलटसुलट करून पाहिले आणि हसली. माझ्याकडे बघून ती कितीतरी दिवसांनी हसली.

तिचा बाप पर्थला खाणीत गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे चर्चला गाडीतून नेणारी मी, आणि हात धरून वेदीपर्यंत नेणारीही मीच.

गाडीचं स्टिअरिंगचं चाक मी पुसलंच नव्हतं. शुक्रवारी त्याच हातांनी ते धरून घरी आले होते. काळं चाक, त्यावर निळा रंग — दिसतो कुठे? बाहेर उकाडा, मला घाम, त्यात मागे बसलेल्या क्लॉडियाची सारखी "आई, हळू चालव". चर्चच्या दारात उतरले. तिचा झगा मागून सारखा केला. पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "चल, बाळा."

चालायला लागलो आणि मागच्या बाकांवरून खसखस सुरू झाली. आम्ही पुढे जाऊ तशी तीही आमच्या मागून पुढे सरकत आली. कुणीतरी "शूऽ" केलं. क्लॉडियानं माझा हात घट्ट धरला. ओठ न हलवता विचारलं, "काय झालंय? काय लागलंय मला?" मी म्हटलं, "काही नाही. छान दिसतेयस." मला खरंच माहीत नव्हतं!

वेदीपाशी ती वळली तेव्हा पाहिलं. पांढऱ्या रेशमावर, बरोबर पाठीच्या मधोमध — पाच बोटं. माझी. वाकडी करंगळीसुद्धा.

फोटो सगळे समोरून काढले. जेवणाच्या हॉलमध्ये तिला शाल दिली कुणीतरी. त्या उकाड्यात शाल!

बायकांच्या बाथरूममध्ये मला म्हणाली, "एक दिवस, आई. एकच दिवस स्वच्छ हात मागितले होते."

मी सांगितलं, कुणीतरी केलं हे.

"नेहमी कुणीतरीच करतं."

शाळेत असताना मला फाटकाबाहेर उभी राहायला सांगायची ही. काळे हात मुलींना दिसू नयेत म्हणून. मी राहायचे.

नवऱ्याबरोबर टाउन्सव्हिलला गेली. जाताना आजीला मिठी मारली. मला नाही.

ज्यानं केलं त्याला मी सोडणार नाही. आणि एकटीनं गाठून नाही. माझं जसं भर चर्चमध्ये झालं तसंच. चारचौघांत. चांगल्या कपड्यांत.


मंगळवार, ७ मे

काल कामगार दिनाची सुट्टी होती, मेचा पहिला सोमवार ना. आज गेले.

माझा डबा कुणीतरी स्वच्छ घासून ठेवलाय! आत नवी पेस्ट. मी तो तसाच कचऱ्यात टाकला. आता घरून पेस्टची बरणी आणते आणि लॉकरला कुलूप लावते.

मोरीवर सगळे ओळीनं हात धुत होते. मला पाहून माना खाली. फक्त ट्रॉय — तो बॉयलरवरचा वेल्डर — स्वतःच्या पाठीला हात लावून लचकत चालून दाखवत होता. बातमी पोचली तर!

डेस हॅनिगन म्हणाला, "कार्मे, कुणीतरी गंमत केली असेल गं. सोडून दे." डेस आमचा सगळ्यांत जुना फिटर. रोलर त्याच्याइतका कुणाला कळत नाही आणि चावटपणाही त्याच्याइतका कुणाला जमत नाही.

मी म्हटलं, "ज्यानं केली त्याला सांग, मलाही गमती येतात."


रविवार, १२ मे

मातृदिन. फोन आला नाही.


बुधवार, १५ मे

ट्रॉयच्या बुटांत मळी ओतली. कारखान्यात मळीला काय तोटा! दोन्ही बूट घोट्यापर्यंत भरले आणि शेडबाहेर आंब्याखाली ठेवले, तिथे हिरव्या मुंग्यांचं घर आहे. दुपारपर्यंत मुंग्यांनी आपलं काम केलं.

ट्रॉयनं न बघता पाय घातला. काय नाचला! एका पायावर शेडभर.

"मी नव्हतो, बाई! आईशप्पथ मी नव्हतो! डेस होता! मी नुसता हसलो!"

"मग हे हसण्याचं," मी म्हटलं.

डेस.

डेसनं मला पहिल्या वर्षी बेअरिंग खरवडायला शिकवलं. कारखान्यात तेव्हा मी एकटी बाई. बाकीचे पानासुद्धा हातात देत नव्हते. त्यानं दिला. म्हणून जास्त चीड येतेय. परक्यानं केलं असतं तर एवढी आली नसती.

खात्री करून घ्यायला कॅन्टीनच्या शर्लीला विचारलं. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? बोल्स खेळायच्या क्लबात तोच रंगवून सांगत होता ना, डबा कसा भरला ते. लग्नाच्या आदल्या दिवशी."

लग्नाच्या आदल्या दिवशी! म्हणजे मी चिंध्यांनी हात पुसत घरी रडत होते तेव्हा हा बिअर पीत होता.


गुरुवार, १६ मे

त्याच्याशी नेहमीसारखी बोलले. हसले. चहा दिला. काही घातलं नव्हतं चहात. इतकं स्वस्त नाही करणार.


सोमवार, २७ मे

देव आहे!

गळीत हंगाम तेरा जूनला सुरू होतोय. मॅनेजर प्रिचर्डनं आज सगळ्यांना बोलावून सांगितलं. फादर येऊन रोलरवर पवित्र पाणी शिंपडणार, चेअरमन सपत्नीक येणार, बँड, वर्तमानपत्रवाले — सगळं. आणि उसाची पहिली मोळी पडली की वाफेची शिटी वाजवायचा मान यंदा डेसला. हंगाम संपल्यावर तो निवृत्त होतोय म्हणून.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात.

डेस म्हणाला, "आता पांढरा शर्ट शिवावा लागणार!"

शिव बाबा. चांगल्या कापडाचा शिव.


मंगळवार, ११ जून

शिटीची साखळी मीच तपासली. कामच होतं माझं. साखळीच्या टोकाला काळी मूठ आहे, जुनी, हातांनी घासून गुळगुळीत झालेली. काळ्यावर निळा दिसत नाही. हे मला माझ्याच गाडीनं शिकवलंय.

रंग अगदी थोडाच हवा. जास्त लावला तर हाताला ओलं लागतं आणि माणूस बघतो. नखावर मावेल एवढा घ्यायचा आणि पुसून टाकायला निघाल्यासारखा पसरायचा. हेसुद्धा डेसनंच शिकवलेलं: "पातळ लाव, कार्मे. पातळ लावलेलाच खरं बोलतो."

परवा सकाळी, पाहुणे यायच्या आधी. हातमोजे घालून.

क्लॉडियाला फोन केला. नवऱ्यानं उचलला. म्हणाला, ती आंघोळीला गेलीय. मागून तिचा आवाज येत होता.


गुरुवार, १३ जून

मी म्हातारी होऊन आंधळी झाले तरी आजचा दिवस मला दिसत राहील.

डेस आला. पांढरा शर्ट, टाय, केस चापून बसवलेले. आईपण आली होती माझ्याबरोबर. तिला बँड आवडतो. फादरनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मोळी पडली. प्रिचर्डनं मान हलवली. डेसनं मूठ धरून साखळी ओढली आणि शिटी वाजली — लांब, घसा खरवडल्यासारखी. लोक ओरडले. त्यानं पुन्हा ओढली. हावरट!

मग चेअरमन पुढे आले आणि दोन्ही हातांनी डेसचा हात हलवला. डेसनं फादरांचा हात हलवला. चेअरमननी आपल्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं — "माझी पत्नी." साय असावी तशा रंगाचा सूट होता तिचा. फादरनी कपाळावरचा घाम पुसला. प्रिचर्डनं सगळ्यांचे हात हलवले आणि आपली हनुवटी खाजवली.

पहिल्यांदा पाहिलं बँडमधल्या एका मुलीनं. तिचा तुतारीतला सूर मध्येच फुटला.

मग सगळ्यांनीच पाहिलं. फादरांच्या कपाळावर निळा पट्टा. प्रिचर्डला निळी दाढी. चेअरमनची बायको वळली आणि तिच्या पाठीवर — पाच बोटं!

पाच!

मला कुणीतरी मोजून दिल्यासारखं वाटलं.

फोटोवाला काढत सुटला होता. चेअरमनची बायको किंचाळली, "हे काय आहे? हे निघतं का?"  मला येत होतं उत्तर.

प्रिचर्ड ओरडला, "हॅनिगन! आजसुद्धा? आजच्या दिवशीसुद्धा?"

कारण दुसरं कोण करणार? एवढी वर्षं लोकांच्या टोप्यांत ग्रीस घातलं, डब्यांत बेडूक सोडले ते यानंच. "साहेब, मी नाही—" एवढं म्हणाला आणि थांबला. आपले हात पाहिले. मग गर्दीतून नजर फिरवत फिरवत माझ्यावर आणली.

मी टाळ्या वाजवल्या. हळू. दोनच.

त्यानं दोन्ही हात आपल्याच नव्या शर्टाला पुसले.

घरी येताना आई गाडीत म्हणाली, "त्या माणसाचा शर्ट नवा होता गं."


शुक्रवार, १४ जून

डेसला आजपासून घरी बसवलं. हंगामभर थांबायचं नाही, निरोपाची पार्टी नाही. प्रिचर्ड म्हणाला, एवढंच करतोय हे उपकार समज.

सामान न्यायला आला तेव्हा मोरीवर बराच वेळ हात घासत होता. बाकीचे बाजूला सरकले. मी माझी पेस्ट त्याच्याकडे ढकलली. त्यानं आधी काडीनं तळापर्यंत ढवळून पाहिली.

"मला वाटलं लग्न पुढच्या शनिवारी आहे, कार्मे."

"हो का?"

"खरंच. मला वाटलं तुला आठवडा मिळेल धुवायला. शर्लीच्या पुतणीचं त्या शनिवारी होतं ना, माझा घोळ झाला. क्लबात कळलं तेव्हा बिअर तशीच सोडून उठलो."

"क्लबात रंगवून सांगत होतास म्हणे."

"आधी सांगितलं. मग कळलं."

मी नळ बंद केला आणि निघून आले. माझा विश्वास नाही बसला. बसवायचाही नाही.

झोप छान लागली.


शनिवार, १५ जून

फोन!

"आई? पेपर पाहिला?"

पहिल्या पानावर होता. निळ्या दाढीचा प्रिचर्ड.

"आई, खरं सांग. तूच ना?"

"मी फक्त साखळी तपासायला गेले होते."

हसायला लागली. थांबेचना. मीपण. शेवटी पोटात दुखायला लागलं. म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधी कळव. मी सुट्टी काढून येईन."

मग म्हणाली, "फाटकाबाहेर उभं करायचे मी तुला."

"पाऊस असला की झाडाखाली उभी राहायचे."

"माहितेय. खिडकीतून दिसायचीस."

बस. एवढंच. पण फोन आला.


बुधवार, २६ जून

हंगामात पाळ्या असतात. आज सकाळची पाळी करून आले तर दारात डेसची गाडी!

आत गेले. आईच्या स्वयंपाकघरात, टेबलाशी, माझ्या खुर्चीत डेस. समोर पास्तिझींची ताटली — कालच्या, चीजचं सारण भरलेल्या करंज्या, माझ्यासाठी ठेवलेल्या! आणि आई त्याचा हात हातात घेऊन साखर आणि तेल चोळत होती. एकेक नख. सावकाश.

"हे काय चाललंय?"

"अगं, माफी मागायला आलाय. तू नव्हतीस. मग म्हटलं बसा." हात सोडला नाही आईनं. "बघ ना, कडांना अजून निळं आहे. एकट्या पुरुषाला कुठलं जमायला."

डेस उठायला लागला. आई म्हणाली, "बसा. डावा राहिलाय."

मी साखरेचा डबा उचलून कपाटात ठेवला. आईनं दुसरी वाटी भरून ठेवली होती.


सोमवार, ८ जुलै

कपडे धुवायचं मशीन दुरुस्त केलंय. कुणी? मी फिटर आहे घरात! "तू दमून येतेस," म्हणे.


शुक्रवार, १९ जुलै

डेसनं पन्हळ साफ केली. आंबा छाटला. माझी दुपारची पाळी असली की येतो, मी यायच्या आत जातो. भित्रा. शेजारीण सांगते, दोघं पायरीवर बसून बोलतात आणि आई मोठ्यानं हसते. बाबा गेल्यापासून आई मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

आज मुद्दाम लवकर आले. होताच. मी म्हटलं, "चहा घेणार?" त्याच्या कपात चमचाभर मीठ घातलं.

सगळा प्यायला! तोंड न वाकवता. वर म्हणाला, "छान झालाय."

अशा माणसाचं करायचं काय?


रविवार, ११ ऑगस्ट

आईशी भांडले.

मी म्हटलं, "माझ्या पोरीचं लग्न नासवलं त्यानं. आणि तू त्याला खाऊ घालतेस."

"तू त्याची नोकरी नासवलीस. ते मी कधी बोलून दाखवलं?"

 तिला माहीत होतं!

"कुणी सांगितलं?"

"तू टाळ्या वाजवत होतीस तेव्हा मी शेजारीच उभी होते, कार्मेन. मी तुझी आई आहे, आंधळी नाही."

"आणि तो? त्याला—"

"त्याच क्षणी कळलं त्याला. तुझं नाव घेतलं असतं तर तो राहिला असता आणि तू घरी बसली असतीस. नाही घेतलं."

"मग काय, पाया पडू?"

"नको. मीठ घालायचं तेवढं बंद कर. त्याला रक्तदाब आहे."

रागानं पेस्टची बरणी घेऊन मागच्या नळावर गेले आणि हात घासत बसले. हात स्वच्छच होते.

त्यानं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान हिशेब सरळ राहिला असता. आता राग धरायला जागाच शोधावी लागते. शोधते. सापडते. त्याला माझ्या खुर्चीत बसायचं काय कारण?


मंगळवार, २७ ऑगस्ट

क्लॉडिया दोन दिवस राहून गेली. डेस भेटला. तिनं त्याला चांगलं झापलं, अगदी माझ्या समोर, माझ्या पद्धतीनं — मी सुखावले! तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाली, "आजी, बाकी माणूस वाईट नाही."

दोघी फितूर. मी एकटी उरलेय लढायला.


रविवार, ८ सप्टेंबर

आई लग्न करतेय. डेसशी. हंगाम संपला की. वर म्हणाली, "तू त्याला रिकामा केलास म्हणून तर आला बिचारा. तुझेच उपकार." त्याचं घर भाड्याचं, म्हणून राहायला तो इथेच येणार. न्हाणीघर एकच आहे, त्याची टूथपेस्टही तिथेच राहणार.

मी म्हटलं, येऊ दे. मला आता काही घाई नाही.